एका परातीतलं भरीत
कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांवर वांगी भाजल्याचा वास आला, की मला माझी एक दाढ आठवते, जी खरं तर दुखतच नव्हती. ऐंशीच्या दशकात मी धुळ्याला कॉलेजात होतो. कानाखाली सूज आली, लिंबू चोखलं की कळ निघायची. मी आपलं अक्कलदाढ आहे असं ठरवून लवंग चघळत बसलो. त्याच आठवड्यात सोनगीरच्या शेतात भरीत पार्टी झाली. खोलीतला मित्र आणि मी रिवाजाप्रमाणे एकाच परातीत जेवलो, एकाच तांब्याने पाणी प्यायलो. अडीच आठवड्यांनी, शेवटच्या वर्षाच्या प्रॅक्टिकलच्या सकाळी, तो तापाने फणफणत, सुजलेला गाल चाचपत आरशासमोर उभा. "भाऊ, तुनी दाढ मना गालमा कशी उनी रे?" डॉक्टर म्हणाले, "गालगुंड आहे. आधी कोणाला झालं होतं?" मी लवंगेचं सांगितलं. "तेव्हाच वेगळं राहायचं होतं." मित्राचं वर्ष गेलं. त्याने कधी बोल लावला नाही, मीही कधी माफी मागितली नाही. इतकी वर्षं हे वागवून थकलो आणि परवा बायकोला सांगून टाकलं. वांगी सोलता सोलता ती म्हणाली, "मग बोलवा की त्यांना यंदा. ताटं मी वेगवेगळी मांडते."