छताचं नवं कापड

परवा दिलसुखनगरला चप्पल चिकटवून घेताना सोल्यूशनचा वास आला आणि काचीगुड्यातली एक दुपार आठवली. वडिलांच्या पन्नाशी गाठलेल्या मोटारीत छताचं कापड डोक्यापर्यंत लोंबायला लागलं होतं, आणि ते बदलायचंच म्हणून ते हट्टाला पेटले होते. महिनाभरापूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांना गाडी चालवू नका म्हणून बजावलं होतं. हे काही ऐकणार नाहीत, अशा रागातच मी सोबत गेले. म्हाताऱ्या सीटवाल्यानं मळकं कापड उतरवलं, त्याला ताणून धरणाऱ्या वाकड्या झालेल्या सळया नीट केल्या आणि नव्या कापडाच्या शिवणीत ओवून एकेक करून छताला अडकवल्या. मग कडांना सोल्यूशन लावून तो कापड ताणू लागला. वडील खिडकीतून डोकं घालून सुरकुत्या दाखवत होते, नसलेल्यासुद्धा. “कायकू फिकर करते साब, सूके बाद आपीच बैठ जाता,” तो म्हणाला. काम झाल्यावर त्यानं स्टिअरिंगकडचं दार उघडून धरलं, “बैठके देखो.” वडील मागचं दार उघडून आत बसले, छतावरून सावकाश हात फिरवला आणि किल्ली माझ्यापुढे धरली. “चल, विद्यानगरला. क्लच जरा कडक आहे, सांभाळून.” तोवर त्या गाडीचं स्टिअरिंग त्यांनी कुणाच्या हाती दिलं नव्हतं.  मी आरसा माझ्या उंचीला फिरवला आणि गाडी सुरू केली.