पटकीचं पाणी

जांबे गावात आमच्या चौदा खोल्या आहेत. हिंजवडीच्या कंपन्यांत साफसफाई, कॅन्टीन, गेटवरची ड्यूटी अशी कामं करणारी माणसं तिथे राहतात. भाडेकरूंचं सगळं मीच बघते. नवऱ्याला कुणाला चार शब्द सुनवायचे म्हटलं की घाम फुटतो. मला नाही फुटत.

गेल्या पावसाळ्यात कोपऱ्यातल्या खोलीतल्या पोरीला जुलाब-उलट्या सुरू झाल्या. तीन वर्षांची असेल. बिहारकडचं कुटुंब, बाप कॅन्टीनमध्ये भांडी घासायचा. तिसऱ्या दिवशी तिची आईही आडवी झाली. मी दारातूनच त्याला सांगितलं, संध्याकाळपर्यंत खोली रिकामी कर, बाकीच्यांना लागण झाली तर कोण बघणार? पोरीला मांडीवर घेऊन ते रिक्षातून गेले. मी खोली फिनेलने धुऊन घेतली आणि मोकळी झाले.

दोन दिवसांनी शेजारच्या खोलीतलं जोडपं पडलं. मग वरच्या मजल्यावर एकटा राहणारा वॉचमन. त्या तिघांनाही निघा म्हणायला मी चपला घालत होते, तेवढ्यात पायरीवर बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, "आता ह्यांचाबी गाडा काढती व्हय?"

सासूबाईंचं आजोळ पौडच्या वर, डोंगराकडे. त्यांची आई लहान होती तेव्हा त्या गावात पटकी आली. तेव्हा कॉलऱ्याला पटकीच म्हणायचे. सकाळी धडधाकट दिसलेल्या माणसाला संध्याकाळी पोचवून यायची वेळ यायची. शेवटी गावाने पटकीच्या देवीचा, मरीआईचा गाडा काढला. छोट्या लाकडी गाड्यात देवी बसवायची, तिला हिरवी चोळी, बांगड्या, दहीभात द्यायचा आणि तो गाडा वाजतगाजत नेऊन शिवेपलीकडे, शेजारच्या गावाच्या हद्दीत ढकलून द्यायचा. मागे वळून बघायचं नाही. घरी येण्याआधी ओढ्यात अंघोळ करायची, अंगावरचे कपडे आणि आजाऱ्यांची अंथरुणं तिथेच धुवायची. रीतच होती ती.

"त्यो वढा कुटं जातो?" सासूबाईंनी मलाच विचारलं. "खालच्या गावाला. समदं गाव त्येच पानी पितं. माजी मावशी तितं दिलेली. चार दिसांत ती गेली, तिची दोनी पोरं गेली. आन् आमच्यातली म्हनायची, बगा, देवी गेली तिकडं. आई मरंस्तोवर सांगायची, गाडा रिकामाच व्हता गं. पटकी आमीच धुतली त्या पान्यात."

माझं डोकंच फिरलं. "म्हणजे मी काय कुणाला मारायला निघालेय का?"

"तसं न्हाई म्हनत. आदी टाकी बग."

जमिनीखालच्या टाकीचं झाकण काढलं आणि वासानेच मागे सरले. शेजारून जाणारा ड्रेनेजचा पाइप फुटला होता आणि टाकीच्या भिंतीतून पाणी आत झिरपत होतं. आम्ही घरात फिल्टरचं पितो, म्हणून आम्हाला काही झालं नव्हतं. आरोग्य केंद्रातल्या ताई पाण्याचे आणि आजाऱ्यांचे नमुने घेऊन गेल्या. अहवालात कॉलराच निघाला. तिघांनाही मी स्वतः दवाखान्यात नेलं, टँकर मागवला, पाइप बदलला. तिघेही सुधारले.

राहिली ती पोर. तिच्या बापाचा फोन तीन दिवस बंद होता. लाज तर वाटतच होती, पण भीती त्याहून जास्त वाटत होती. चौथ्या दिवशी फोन लागला.

"बच्ची ठीक है आंटी," तो म्हणाला. "अस्पताल में थी, अब खेल रही है." मग त्याने जरा चाचरत विचारलं, "आंटी, हमारी वजह से वहाँ और किसी को तो नहीं हुआ ना?"

"नहीं, नहीं," मी म्हणाले आणि फोन ठेवून दिला. पाणी आमचं होतं, हे सांगायला मला दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन करावा लागला.