कॅप्टनच्या हेल्मेटमधला वाघ

चहा खाली ठेवा आधी, नाहीतर ठसका लागेल. माझी फजिती सांगतो, तीही मी स्वतः केलेल्या नियमांनी झालेली!

घुग्घुसच्या खाणीतले आम्ही सात जण सात मोटारसायकलींवर चामोर्शीला निघालो होतो, एका सोबत्याच्या लग्नाला. वाट जंगलाची, वाघाची. म्हणून मी स्वतःच कॅप्टन झालो. सगळ्यांच्या बायकांसमोर छाती ठोकून सांगितलं, "एकेकाला धडधाकट पोचवतो अन् फोटो पाठवतो!"

निघायच्या आधी आठवडाभर मी त्या सहा जणांचा जीव खाल्ला. ब्रेक तपासा, अंतर ठेवा, हेल्मेट आरशाला टांगू नका. इशारेही पाठ करून घेतले. त्यातला सगळ्यात मोठा इशारा असा, की कॅप्टनने हेल्मेटवर थापा मारल्या म्हणजे वाघ! लांबच थांबायचं, हॉर्न नाही, बोलणं नाही, कोणी जागचं हलायचं नाही.

मूल गावाच्या अलीकडे चहाला थांबलो. आरशाला हेल्मेट टांगायचं नाही हा माझाच नियम, म्हणून मी ते ऐटीत आंब्याच्या फांदीला अडकवलं. त्या फांदीवर लाल मुंग्यांनी पानं जोडून घर केलेलं. ते बघतो कोण?

दाट जंगल लागलं आणि कानामागे पहिली चावली. मग दुसरी. मग काय मोजता! गाडी कशीबशी कडेला घेतली, स्टँडवर लावली. हातमोज्यांमुळे हेल्मेटचा पट्टा सुटेना. खाली उतरून मी दोन्ही हातांनी धडाधड हेल्मेट बडवायला लागलो.

मागे सहाच्या सहा गाड्या जागीच थांबल्या. काय शिस्त! मी ओरडलो, "अरे या ना लवकर!"

माझ्या मागचा दिलीप गाडीवर बसूनच ओठांवर बोट ठेवून कुजबुजला, "भाऊ, बोलू नोका! हलू नोका!"

बारा डोळे माझ्या पाठीमागे रोखलेले. दिलीपचा चेहरा पांढराफटक. अरे देवा, वाघ माझ्या मागेच आहे की काय?

बडवणारे हात तसेच डोक्यावर राहिले. पाठीमागे वाघ, कानात मुंग्या! डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण मी पापणी हलवली नाही. खरं सांगतो, इतका मी आयुष्यात कधी घाबरलो नव्हतो. मुलं आठवली, बायको आठवली.

तेवढ्यात मागच्या पाल्यात खस्स खस्स झालं. जवळ आलं. अगदी पाठीशी आलं. मी डोळे मिटून घेतले.

"काऊन गा भाऊ, रस्त्यात डोक्यावर हात ठेवून काऊन उभा हायेस?"

डोळे उघडले, तर डोक्यावर सरपणाची मोळी घेतलेली एक म्हातारी बाई समोर.

"बाई, मागं... वाघ हाय ना?"

"मागं तं मीच होती. वाघ कुठी हाय?"

मी दिलीपकडे बघितलं. "मंग तुमी काय पाहून राह्यले होते बे?"

"तुमाले दिसलेला वाघ शोधून राह्यलो होतो, भाऊ! तुमीच तं थापा मारल्या!"

बाईने मोळी खाली टाकली, पट्टा सोडला, हेल्मेट काढून आत बघितलं आणि खो खो हसत सुटली. "अगा, आमी या मुंग्यायची चटणी करतो! तू जित्त्याच डोक्यावर घेऊन फिरून राह्यला!"

लग्नाला वेळेत पोचलो. कबूल केल्याप्रमाणे मांडवात सातही जणांचा फोटो काढला, मी मधोमध, आणि घरी पाठवला. लगेच बायकोचा फोन.

"सगळे धडधाकट दिसून राह्यले, बरं झालं. पण मधात हा सुजल्या तोंडाचा कोण हाय? अन् तुमी काऊन नाई फोटोत?"