गुडघाभर नंदीचा करार

माझ्या मावसाजींइतकी जगाची काळजी वाहणारा माणूस सबंध बालाघाट जिल्ह्यात दुसरा नसेल, आणि त्यांचा जगावरचा विश्वास उडाला तो माझ्यामुळे. हे आधीच कबूल करतो, म्हणजे पुढचं निवांत वाचता येईल.

मावशीचे हे यजमान रेल्वेतून निवृत्त झाले आणि त्यांनी अणुबॉम्बचा विषय हाती घेतला. पेपर आला की कोणत्या देशाचा मंत्री कोणाकडे जेवला, तेवढंच ते वाचत. "बॉम्ब कोनाजवळ हाय ते नको पाहू, बापू. कोन कोनाचा सोयरा हाय ते पाय. सोयरा पाठीशी उभा राह्यला तर बॉम्ब लागतच नाही. अन् तोच लाडात आला, तर गुपचूप सामान पुरवते." माझ्या भावासाठी मुलगी पाहायला गेलो, तेव्हा त्यांनी मुलीच्या बापाला विचारलं, की शेजाऱ्यांशी संबंध कसे आहेत आणि घराची तपासणी करू द्याल का. ती सोयरीक तिथेच मोडली.

तान्ह्या पोळ्याला आमच्या गल्लीत मुलं लाकडी नंदी मिरवतात. दरवर्षी कोणाचा तरी नंदी शेजाऱ्यापेक्षा वीतभर वाढे. शेवटी मावसाजींनी सगळ्या घरांना बसवून करार केला, की नंदी गुडघ्याच्या वर जायचा नाही. तपासणी ते स्वतः करत, स्वतःचाच गुडघा लावून.

सगळ्यांत आधी मी हो म्हटलं. पण लालबर्ऱ्याला माझ्या मेहुण्याचं सुतारकामाचं दुकान. भाचीच्या, म्हणजे माझ्या मुलीच्या, लाडापायी त्यानं आधी पाय पाठवले, मग चाकं, मग शिंगं, सगळं वेगवेगळ्या बसनं. मावसाजींनी हटकलं.

"स्टूल बनवून राह्यलो जी," मी म्हणालो.

"शिंगं काहून हायत मंग?"

"टॉवेल टांगाले."

ते मान डोलावून निघून गेले.

पोळ्याला आमचा नंदी छातीएवढा निघाला. पुढच्या वर्षी समोरच्यांनी गोंदियाच्या जावयाकडून ट्रॉलीवर हत्तीएवढा आणवला. त्याची शिंगं विजेच्या तारेत अडकून गल्लीची लाईट गेली. मावसाजी ओट्यावरून उठले, आत गेले, आणि तेव्हापासून पेपरात फक्त हवामान वाचू लागले.

यंदा मी आमच्या नंदीचे पाय करवतीनं कापले. तो मगरीसारखा दिसू लागला. तसाच काखेत मारून त्यांच्याकडे गेलो. ते खाटेवर होते. गुडघा आता सरळ होत नाही.

"स्टूल नव्हतं ते, मावसाजी."

"मले माहीत होतं. पन तू घरचा."

मी नंदी त्यांच्या गुडघ्याशी लावला. "चुकलं जी माह्यं. मोजा."