हिराजीच्या हातातला दोर

उरणकडच्या मिठागरातच सोनूबाईचा जन्म गेला. बांधाच्या या टोकाला सासर, त्या टोकाला माहेर. हाक मारली तर ऐकू जाईल इतकं जवळ, पण जाणंयेणं बंद. कारण काय, तर विमान!

तिच्या तरुणपणी भाऊ हिराजीनं बांबूचं नि जुन्या शिडाचं मोठं पाखरू बांधलं. त्याखाली स्वतःला बांधून घेतलं तिच्या नवऱ्यानं, रामचंद्रानं. हिराजी दोर धरून वाऱ्यासमोर धावला आणि पाखरू उठलं. पुढं ते चिखलात आपटलं, ती गोष्ट वेगळी. पुढं वय होऊन दोघे देवाघरी गेले, पण उड्डाण नक्की कुणाचं, हे भांडण पोरांना ठेवून गेले. त्यात खाडीपलीकडं विमानतळ झाला. गावानं ठरवलं, यंदा मिठाच्या हंगामाचा नारळ फोडायचा मान ज्यानं पहिलं उड्डाण केलं त्याच्या घराला.

मग काय! बांधावर दोघांच्या पोरांनी एकाच नारळाला हात घातला.

"दोर आमच्या बाबांच्या हातात व्हता," हिराजीचा पोरगा, सोनूबाईचा भाचा मितेश म्हणाला. "तुझा बाप नुसता टांगलेला पतंग!"

"दोर सुटला व्हता," सोनूबाईचा निकेश तडकला. "मंग कोण उडला, तुझा दोर?"

"आत्या, तूच सांग. तू व्हतीस ना?"

सोनूबाईनं नारळावरचे दोघांचे हात बघितले. एकाची बाजू घेतली की दुसऱ्याचं दार कायमचं मिटणार.

"वर बघायची छाती झाली न्हाय," ती हळू म्हणाली. "मी पाण्यात बघत व्हते. पाण्यात ह्यांचे पाय दिसत व्हते. बघता बघता पाय नि पाणी यांच्यामधी आभाळ शिरलं रे! मी दादाकडं वळले, तर दोर पाण्यात पडलेला."

निकेश हसला.

"दात काढू नको. दादानं दोर टाकला न्हाय. माणूस उडताना बघून त्याचे हात जोडले गेले, देवापुढं जोडतो तसे. हात जोडले म्हणून दोर सुटला, नि दोर सुटला म्हणून तुझा बाप मोकळा उडला."

मग निकेशनं नारळावरचा हात काढला.

"फोड रे, मामाच्या घरचा मान."

मितेशनं नारळ फोडला नि पहिली वाटी निकेशच्याच हातावर ठेवली. "आत्या, घरी चल. भाकऱ्या टाकल्यात."

"एवढं भांडून नारळाचं पाणी सांडवलं ते सांडवलंच," म्हणत सोनूबाई माहेरच्या टोकाकडं निघाली. मधेच डोक्यावरून विमान गेलं. सगळ्यांनी माना वर केल्या. ती मात्र थांबून मिठाच्या पाण्यात बघत राहिली, हात जोडून.