मोहाची गोल सोललेली साल

बाबांच्या गुडघ्यांसाठी मोहाची साल आणायला आईनं मला पाठवलं, तेव्हा मी नुकतीच गोंदियाला अकरावी सायन्सला जायला लागले होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते. आईची रीत ठरलेली: साल तळहाताएवढीच, तीही एकाच अंगाची काढायची आणि जखमेवर शेण लिंपायचं. मला बस गाठायची होती. पावसानं साल सैल झालेली. विळ्यानं ओढली तशी सोलत गेली आणि खोडाभोवती पार वेढा पूर्ण झाला. वर जाड शेणमाती थापली. घरी सांगितलं, उदई लागली होती, वाळवी मरावी म्हणून चहूकडून लिंपलं.

दवनीवाड्याजवळच्या आमच्या शेताच्या धुऱ्यावरचं, बांधावरचं ते झाड आईचं. शेत बाबांचं, धान बाबांचं. मोहफुलं तेवढी तिची, ती विकून येणारे पैसेही.

हिवाळ्यात सरांनी फळ्यावर खोड काढलं. "पानी लकड़ी में से ऊपर जाता है, पत्तों का बनाया खाना छाल में से नीचे. छाल गोल निकाल दी, तो जड़ें भूखी." वर्ग वहीत उतरवत होता. माझा हात थांबला.

तेव्हापासून जिवाला घोर लागला. रोज सकाळी आधी सायकलनं धुऱ्यावर, मग बस. झाड हिरवंगार! पाणी वर चढतच होतं ना. त्या हिरवेपणाचा मला राग यायचा. माघात मोहाची पानं गळतातच, हे लहानपणापासून माहीत होतं. तरी पान पडलं की उचलून देठ बघायची. सांगू का? आज नको, उद्या. आईसमोर तोंड उघडायची आणि मीठ मागायची.

चैत्रात झाडाखाली पाय ठेवायला जागा उरली नाही, इतकी फुलं. आई टोपली भरताना हसत होती. "पाह्य वं, कधी नाही तेवढा मोहा पडून राहिला!" खाली उतरू न शकलेलं अन्न सगळं वरच फुलांत आलं होतं. मला ते बघवेना. तिथंच रडत रडत सगळं सांगून टाकलं.

आईनं विळ्यानं शेण खरवडलं. खोडाभोवती बोट फिरवत गेली. साल कुठंच जुळलेली नव्हती. आता शिव्या बसणार म्हणून मी मान खाली घातली.

"मंग मुळाइले खायाले कसं द्याचं?" तिनं विचारलं.

सायन्सवाली फळ्यावरचं खोड आठवत बसली.

तिनं भरलेली टोपली बुंध्याशी उपडी केली आणि हातांनी माती उकरायला लागली. मुळांना असं खाता येत नाही, हे मला पक्कं माहीत होतं. मी दुसऱ्या बाजूनं उकरायला बसले.