बाबारावच्या अंगणातली नाव

परवा एक गिऱ्हाईक पंपाची जळालेली मोटार घेऊन दुकानात आलं. मोटार टेबलावर ठेवायच्या आधीच त्यानं विचारलं, "नावीचं काय झालं मंग?" मी नुसतं "झालं" म्हणालो. कारण एक किस्सा सांगायला घेतला की त्याच्या मागून दुसरा येतो, दुसऱ्याच्या मागून तिसरा, आणि मोटार तशीच पडून राहते. होळीपासून पोळ्यापर्यंत आम्ही एक जुनी नाव दुरुस्त करत होतो. त्यात किती खिळे गेले ते आठवत नाही, किस्से मात्र साचून राहिले. एकदाचे सांगून टाकतो. थकलो राव!

आम्ही म्हणजे तिघं. माझं इंझोरीत मोटार रिवायंडिंगचं दुकान. बाबाराव माझा शाळेपासूनचा दोस्त, भाजीपाला पिकवतो. तिसरा गजानन सुतार, ज्यानं अर्ध्या गावाच्या चौकटी बसवल्या. तिघांपैकी एकालाही नावेतलं ओ की ठो कळत नव्हतं.

बाबारावचं वावर धरणाच्या पाण्यापलीकडे. या काठावरून समोर दिसतं, पण जायचं तर वळसा घालून दीड तास पायी. मध्ये दोन नाले, सगळे गोटे आणि बोरीचे काटे. एक दिवस त्यानं जाहीर केलं, "आपल्याले नाव पायजे." भाजी आणायला पाहिजे असेल, असं आम्ही धरून चाललो.

*

नाव सापडली सखारामबुवांकडे. धरणावर पूर्वी मासे धरायचे. वय झालं, पोरं पुण्याकडे कामाला गेली, नाव काठावर पालथी पडली. दोन पोते कांद्यांवर सौदा ठरला. बुवा म्हणाले, "पाहून घ्या, मागून बोलू नका."

पाहायचं म्हणजे काय करायचं हे मोबाईलवरच्या एका व्हिडिओत सांगितलं होतं. टोकदार वस्तूनं लाकूड टोचून बघायचं, कुजकं असलं तर कळतं. मी खिशातला टेस्टर काढला आणि तळाच्या फळीला टोचला. मुठीपर्यंत आत गेला! दुसरीकडे टोचला, तिथंही गेला. तिसऱ्यांदा हात उचलला तर बुवांनी मनगट धरलं.

"बाप्पा, सत्तर पावसाळ्याचा हाय मी," ते म्हणाले. "मले टोचून पाह्य. माह्यातबी जाईन!"

कांदे दिले, नाव घेतली.

*

नाव ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घातली. ट्रॉली दहा फूट, नाव सोळा फूट. नाक ड्रायव्हरच्या डोक्यावर, शेपूट रस्त्यावर. असं आम्ही भर मार्चच्या उन्हात इंझोरीच्या स्टँडवरून निघालो. कारंज्याच्या गाडीची वाट पाहणारे सगळे उठून उभे राहिले.

"काहून हो, पूर येऊन राह्यला का?"

"पानी कुठी हाय, आन नाव कुठी चालली!"

हे सगळं चालतं. पण एक ओळखीचा शेतकरी ट्रॉलीसोबत चालत आला, आजूबाजूला पाहिलं आणि हळूच मला म्हणाला, "खरं सांग. यंदा पाऊस जास्त हाय का? तुले काही समजलं का?"

मी थकलेलो होतो. मानेला रग लागली होती. मी म्हणालो, "हाय म्हन्तात."

"मंग नाल्याकाठी मी सोयाबीन नाई पेरत."

आणि त्यानं खरंच नाही पेरलं. पाऊस बेताचाच झाला. आता समोर आला की तो दुसरीकडे पाहतो.

*

नाव बाबारावच्या अंगणात चार विटांवर ठेवली. दुसऱ्या दिवशी गजानन पेटी घेऊन आला. माणूस हाडाचा कारागीर. आल्याबरोबर त्यानं काटकोन पाहायचा गुण्या काढला, नावेच्या एका कोपऱ्याला लावला आणि मान हलवली. दुसऱ्या कोपऱ्याला लावला. मग मागं सरकून एक डोळा मिटून पाहिलं.

"हे तं सगळंच वाकडं हाय!"

"नाव वाकडीच राह्यते, गजानन," बाबाराव म्हणाला.

"कोन म्हन्ते? आपल्या हातून वाकडं काम होत नाई. मी काटकोनात करून देतो."

दोन तास समजावलं. शेवटी मी त्याला मोबाईलवर दहा-बारा नावांचे फोटो दाखवले. तो एकेक फोटो बोटानं मोठा करून पाहत होता. मोबाईल परत दिला आणि हळहळत म्हणाला, "इतक्या जनाइनं चुकवलं काम?"

तळाच्या पाच फळ्या त्यानं बदलल्या. तिरपी फळी कापताना दर वेळी तोंड असं करायचा, जसं कडू औषध घेतलंय. त्या पाच फळ्यांत अडीच महिने गेले, कारण मधेच लग्नसराई आली आणि दिवाण-कपाटांच्या ऑर्डरी नावेच्या पुढे बसल्या.

*

फळ्यांच्या मधल्या फटी कापसानं भरायच्या असतात. कापूस पिळून त्याची वात करायची आणि छिन्नीनं फटीत ठोकायची. आमचा मुलूख कापसाचा, पण जून महिन्यात घरात कापूस कुणाकडे राहतो? सगळा कधीच विकला गेलेला.

बाबाराव घरात गेला आणि जुनी गादी घेऊन आला. ती आठ दिवसांत नावेनं खाल्ली. मग दोन उश्या गेल्या. मग एक रजई.

शांतावैनी, म्हणजे बाबारावची बायको, दारात खुर्ची टाकून बसायच्या. दोन्ही गुडघे गेलेले, खुर्चीवरून उठायचं तर भिंत धरावी लागायची. त्या सगळं पाहायच्या, बोलायच्या नाहीत. बाबाराव तिसरी उशी घेऊन बाहेर आला तेव्हा मात्र त्यांनी मला हाक मारली.

"भाऊजी, एक इचारू का? पाव्हने आले तं त्याइले नावीतच झोपवाचं का आता?"

*

फटी भरल्यावर नावेत पाणी भरायचं असतं. लाकूड फुगतं आणि फटी आवळतात, हेही व्हिडिओतच होतं. त्या व्हिडिओतल्या माणसाच्या अंगणात समुद्र होता. आमच्या अंगणात घरच्या बोअरचं बोटभर पाणी, आणि गावात नळ चौथ्या दिवशी.

तरी सकाळपासून पाइप लावला. दुपारी नाव काठोकाठ भरली आणि गळायला लागली. एका ठिकाणाहून नाही, जिकडे पाहावं तिकडून! धारा लागल्या. बाबाराव नुसता उभा. मी डोकं धरून ओट्यावर बसलो. तीन महिने ठोकलं ते हेच का, असं झालं.

तेवढ्यात शेजारच्या सुमनबाई हंडा घेऊन आल्या. कुणाला न विचारता एका धारेखाली हंडा लावला. त्यांच्या मागून अजून दोघी आल्या. पाच मिनिटांत नावेच्या दोन्ही बाजूंनी हंडे, कळशा, बादल्या! आम्ही पाहतच राहिलो.

सुमनबाई भरलेला हंडा कमरेवर घेत म्हणाल्या, "लोकायची नाव पान्यात राह्यते, बाबारावभाऊ. तुमचं तं पानीच नावीत राह्यते!"

"राह्यते कुठी?" दारातून वैनी म्हणाल्या. "चालून राह्यलं!"

गजाननला मात्र हे आवडलं. जिथं जिथं हंडा होता, तिथं तिथं त्यानं पेन्सिलनं फुली मारली. सतरा फुल्या झाल्या. म्हणाला, "कायले रडता? भोकं मोजून मिळाले."

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता सुमनबाई पुन्हा दारात उभ्या. "आज नाई भरत का नाव?"

*

हसतो आता. त्या आठवड्यात हसू येत नव्हतं. माझी कंबर धरली होती. दुकानात सात मोटारी पडून होत्या आणि त्यांचे मालक रोज दारात. घरी बायको माझ्याशी फक्त "जेवता का" एवढंच बोलत होती. मी बाबारावला सांगून टाकलं, "मी उद्यापासून येत नाई. हे आपलं काम नोहे. सरपनाले दे ते नाव."

संध्याकाळी तो दुकानात आला आणि बाकावर बसला. मी वाइंडिंगची तार गुंडाळत होतो.

मग तो म्हणाला, "शांतानं दोन वर्सं झाले वावर पाह्यलं नाई."

मी हात थांबवला.

"गोट्यातून तिले चालता येत नाई. पाठीवर नेतो म्हनलं तं लाजते. मासे धरनाऱ्याइचे पत्र्याचे डोंगे हायेत, पन त्याच्यात मांडी घालून बसा लागते. तिचे गुडघे वाकत नाईत. या नावीत बसाले आडवी पाटी हाय, म्हनून घेतली."

"मंग आधी काहून नाई सांगतलं?"

"काय सांगू? रोज मी वावरातून आलो का ते इचारते. वांगे कसे हायेत, इहिरीत पानी किती हाय, लिंबाले बार आला का. मी सांगतो. रोज सांगतो. आता सांगाले काही नवीन उरलंच नाई. परवा म्हनलं, बांधावर मुंगसानं पिल्लं घातले. तीन पिल्लं, एक लंगडं. खुश झाली. काल इचारलं, लंगडं कसं हाय?"

"मंग?"

"वावरात मुंगूसच नाई, रमेश."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी छिन्नी घेऊन त्याच्या अंगणात होतो. सतरा फुल्या होत्या ना!

*

शेवटचं काम डांबराचं. पत्र्याच्या डब्यात डांबर वितळवायचं आणि बाहेरून दोन हात द्यायचे. आम्ही ते नावेला कमी आणि एकमेकांना जास्त लावलं. रॉकेल कुठं मिळेना, डिझेलनं घासलं, साबण लावला, राख लावली, हात काळे ते काळेच.

त्याच आठवड्यात रेशन आलं. मी रांगेत उभा राहिलो, माझा नंबर आला, मशीनवर अंगठा ठेवला. लाल दिवा. पुसून ठेवला. लाल दिवा. दुसरा अंगठा, मग एकेक बोट. मशीन मला ओळखायला तयार नाही! मागची रांग चुळबुळ करायला लागली.

दुकानदार म्हणाला, "तुमी तुमीच हा का?"

"मीच हावो ना! लहानपनापासून पाह्यता मले!"

"मी पाह्यतो हो. मशीन कुठी पाह्यते?" त्यानं माझा पंजा हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "रेशाच बुजल्या बाप्पा. आता ज्योतिषाकडं बी जाऊ नका, भविष्य दिसनार नाई!"

पंधरा दिवस बायकोच्या अंगठ्यावर जेवलो.

*

पोळ्याच्या चार दिवस आधी नाव पाण्यात टाकायचं ठरलं. धरण भरलेलं होतं. ट्रॅक्टर, ट्रॉली, नारळ, हळद-कुंकू, सगळं काठावर आलं. वैनींना ट्रॅक्टरच्या सीटशेजारी बसवून आणलं. त्यांनी ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं. नाव कशासाठी झाली हे आदल्या दिवशी माझ्या बायकोनं त्यांना सांगितलं होतं.

वल्हवायला सखारामबुवा आले होते. त्यांनी नावेभोवती एक चक्कर मारली, नव्या फळ्यांवरून हात फिरवला आणि म्हणाले, "नाव जाईन."

सगळे होते, फक्त बाबाराव नव्हता. सकाळपासूनच दिसला नव्हता. फोन लावला तर रेंजच्या बाहेर. अर्धा तास थांबलो, एक तास झाला. बुवा आभाळाकडे पाहायला लागले. गजानन म्हणाला, "हार आनाले गेला असन कारंज्याले."

शेवटी वैनी म्हणाल्या, "ते येत नाईत. चाला तुमी."

नारळ मी फोडला. दोघा-तिघांनी हाताला धरून वैनींना पाटीवर बसवलं. बुवा मागे बसले, मी पुढे. गजानन काही चढेना. "कारागिरानं आपलं काम लांबून पाहावं," म्हणत तो काठावरच राहिला.

नाव हलली. पाण्यात पहिल्यांदा ती जरा डोलली, तशा वैनींनी दोन्ही हातांनी पाटी गच्च धरली. मग सरळ झाली. खरंच चालली हो! पाच महिन्यांत पहिल्यांदा माझी कंबर दुखायची थांबली. मधोमध आल्यावर पायाला गार लागलं. खाली पाहिलं तर अठरावी फुली राहून गेली होती. मी गुपचूप डबा घेतला आणि पाणी उपसायला लागलो.

वैनींनी पाहिलं. "येते का पानी?"

"थोडंसं."

"येऊ द्या. आमच्या घरात बी येते पावसाळ्यात," त्या म्हणाल्या आणि पुन्हा समोर पाहायला लागल्या. समोरचं वावर आता मोठं होत चाललं होतं. लिंबाचं झाड ओळखू येत होतं, विहिरीचा कठडा दिसत होता. त्या झाडं मोजत होत्या, ओठ हलत होते.

मग बुवा वल्हं थांबवून म्हणाले, "तथी कोन उभं हाय?"

पलीकडच्या काठावर माणूस होता. पांढरा स्वच्छ सदरा, पण धोतर गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेलं, पिंडऱ्यांवर काट्यांचे ओरखडे. बाबाराव! दीड तासाचा वळसा घालून, दोन नाले ओलांडून, गोटे तुडवत पायी आला होता. काठावर त्यानं सपाट दगड मांडून दोन पायऱ्या केल्या होत्या. नाव टेकली तसा तो घोटाभर पाण्यापर्यंत आला आणि तिथंच थांबून त्यानं हात लांब केला.

वैनी हात धरून उतरल्या. एक पायरी, दुसरी पायरी. वर आल्यावर थोडा वेळ धाप लागली होती. मग त्यांनी आधी त्याच्या पायांकडे पाहिलं, मग त्याच्या तोंडाकडे.

"तुमी काहून नाई बसले नावीत?"

बाबारावनं मान खाली घातली. मी आणि बुवा ऐकत होतो, म्हणून आवाज बारीक केला.

"मले पोयता येत नाई."

वैनींनी मागं वळून त्या एवढ्या पाण्याकडे पाहिलं.

"मंग मले कुठी येते?"